शुद्ध पाणी, पण कुणासाठी? घरातली कोळंबी आणि एक चूक

कोळंबी म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या लोकांना आधी भात आठवतो, हे आम्हाला ठाऊक आहे. आजची कोळंबी मात्र पाळायची आहे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने हा विषय का घ्यावा, असं कुणी विचारेल. त्यामागे आमच्या हातून झालेली एक चूक आहे, आणि तिथूनच आपण सुरुवात करू.

आमच्या घरी ४० लिटरची काचपेटी आहे. तिच्यात आम्ही लाल चेरी कोळंबी ठेवतो. शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळची पूर्व चीन आणि तैवानकडच्या गोड्या पाण्यातली. निसर्गात तिचा रंग मातकट, अर्धपारदर्शक असतो; लाल रंग माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करत आणलेला आहे. मादी साधारण ३ सेंटिमीटरची, नर त्याहून लहान. आयुष्य एक ते दोन वर्षांचं.

तर झालं असं. मे महिना होता. पेटीतलं पाणी उकाड्याने रोज आटायचं, आणि तेवढी भर आम्ही घालायचो. एका संध्याकाळी नळाला पाणी नव्हतं. स्वयंपाकघरात तांब्याची कळशी भरलेली होती, आदल्या रात्रीपासूनची. आम्ही म्हटलं, घरातलं सगळ्यात चांगलं पाणी हेच; आपण स्वतः पितो ते. चारेक लिटर ओतलं. सकाळी बघतो तर तीसातल्या अकरा तळाशी आडव्या. दोन दिवसांत चार उरल्या.

आता प्रश्न असा, की आपण पितो तेच पाणी दिलं, मग चुकलं कुठे?

कारण तांबं. भांड्यातलं तांबं थोडं थोडं पाण्यात उतरतं. तेवढं आपलं शरीर सहज हाताळतं. कोळंबीच्या मात्र ते कल्ल्यांवाटे आत शिरतं आणि शरीरातल्या क्षारांचा तोल बिघडवतं. गंमत बघा, आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचं काम लोहामुळे होतं, तर कोळंबीच्या रक्तात तेच काम तांब्यामुळे होतं. म्हणजे ज्या धातूवर ती जगते त्यानेच ती मरते. फरक मात्रेचा आणि वाटेचा. म्हणून माशांची औषधं घेताना बाटलीवर 'कॉपर' लिहिलं आहे का, ते आधी वाचावं.

मग आम्ही घरातल्या बाकीच्या 'शुद्ध' पाण्यांकडेही संशयाने बघायला लागलो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो आपल्याला जंतूंपासून वाचवतो, पण कोळंबीचे कल्ले जाळतो. ते पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवलं की बराचसा क्लोरीन उडून जातो. पण क्लोरामीन वापरत असतील तर तो असा जात नाही. त्यापेक्षा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन वापरलेलं बरं.

मग आरओचं पाणी? त्यात तर काहीच नाही! पण 'काहीच नाही' हीच तिथे अडचण आहे. कोळंबी वाढते ती कात टाकून. अंगावरचं कवच सोडते, आत नवं मऊ कवच तयार असतं, ते घट्ट व्हायला कॅल्शियम लागतं. नुसत्या आरओच्या पाण्यात ते मिळत नाही, आणि कात टाकतानाच ती अडकून मरते. म्हणून आरओचं पाणी क्षार मिसळून वापरायचं. भर घालायला मात्र ते तसंच चालतं, कारण वाफ होताना पाणी जातं आणि क्षार मागे उरतात. आणि हो, टाकलेली कात दिसली तर मेली समजून काढू नका. ती कात कोळंब्याच खातात.

आता उलट बाजू बघा. आपण ज्याला घाण म्हणतो, काचेवरचं हिरवं शेवाळ, लाकडावरचा बुळबुळीत थर, ते तिचं जेवण. स्पंज फिल्टरमध्ये जे जिवाणू वसतात, ते विष्ठेतून आणि सडण्यातून तयार होणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग पुष्कळ कमी घातक असं नायट्रेट करतात. ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीत पाणी, जावा मॉस आणि चालू फिल्टर एवढंच ठेवायचं. कोळंबी नंतर. पाहुण्यांच्या आधी पेटी घासूनपुसून लख्ख करणारा माणूस कोळंबीचा शत्रू समजावा! आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदललं की पुरे.

डासांचा फवाराही घरात आपल्या भल्यासाठीच मारतात. पण कीटक आणि कोळंबी हे लांबचे नातलग. जे डासाला मारतं ते तिलाही मारतं. पालक द्यायचा तर स्वच्छ धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून द्यावा, तो याचसाठी.

अ‍ॅरिस्टॉटलने 'निकोमाखियन एथिक्स'च्या सहाव्या भागात जाता जाता एक मुद्दा मांडला आहे, की माणसाला हितकर काय आणि माशाला हितकर काय, या गोष्टी वेगळ्या आहेत. वर्गात हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. समजलं ते कळशी रिकामी केल्यावर! पाणी नुसतं 'चांगलं' नसतं, ते कुणासाठी तरी चांगलं असतं. आपल्या ताटातलं उत्तम ते दुसऱ्याला वाढणं म्हणजे प्रेम, असं आपण धरून चालतो. पण समोरच्याचं शरीर वेगळं असेल तर आधी त्याच्याविषयी माहिती करून घ्यावी लागते. नुसत्या सद्भावनेने तिथे भागत नाही.

उरलेल्या चार कोळंब्यांसाठी आम्ही रोज थोडं थोडं पाणी बदललं, फिल्टरला सक्रिय कोळसा लावला, आणि पाणी ३० अंशांच्या वर जाऊ नये म्हणून पेटीवर छोटा पंखा ठेवला. जूनच्या शेवटी एका मादीच्या पोटाखाली अंडी दिसली, पंचवीसेक असावीत. ती तीन-चार आठवडे सांभाळते, सतत हलवत राहते, आणि पिल्लं बाहेर येतात ती थेट कोळंबीच्याच आकाराची, दोनेक मिलिमीटरची.

कळशी अजून स्वयंपाकघरातच आहे. आम्ही तिच्यातलं पाणी पितो. पेटीसाठीची बादली वेगळी, प्लास्टिकची, आणि तिच्यावर नाव लिहून ठेवलं आहे. आता प्रश्न घेऊ.