फोनवर दिसतं ते आणि हाताला कळतं ते

मागच्या वर्षी आईच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. ऑपरेशन मिरजेला, घर आटपाडी तालुक्यात. घरी सोडताना दिलेल्या कागदावर पुढच्या तारखा होत्या आणि त्यातल्या दोन तारखांपुढे पेनाने लिहिलं होतं, ‘व्हिडिओ’. आई हिरमुसली. “म्हणजे आता हात लावून बघणारच नाहीत का मला?” शेजारच्या काकूंचं म्हणणं अगदी उलट. “बरंच झालं की! सगळं फोनवर होतंय, मग कशाला हेलपाटे?”

दोघींचंही थोडं बरोबर होतं आणि थोडं चूक. हाडाच्या ऑपरेशननंतरचा फॉलोअप फोनवर करावा की दवाखान्यात, याबद्दल घरोघरी हीच दोन मतं ऐकू येतात. त्यांमागचे गैरसमज एकेक करून बघू.

‘फोनवरचा सल्ला कायद्यात बसत नाही’

बसतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवर, साध्या फोनवर किंवा लेखी संदेशातून सल्ला देऊ शकतात, औषध लिहून देऊ शकतात, फी घेऊ शकतात. त्याच दुखण्यासाठी प्रत्यक्ष भेट होऊन सहा महिने उलटले नसतील, तर तो सल्ला फॉलोअप धरला जातो. ‘हे फोनवर कळणार नाही, तुम्ही या’ असं सांगण्याचा अधिकारही डॉक्टरांकडेच आहे.

याच नियमांत एक अट आहे, ती हाडाच्या रुग्णांना हमखास आडवी येते. अंमली आणि मनोविकारी पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं फोनवरून लिहून देता येत नाहीत. ऑपरेशननंतरच्या वेदनेसाठी सर्रास वापरलं जाणारं ट्रॅमाडॉल २०१८ पासून या कायद्याखाली आहे. डॉक्टर ते फोनवर लिहून देत नसतील, तर ती टाळाटाळ नव्हे.

‘फोटोवरून जखमेतलं काय कळणार?’

बरंच कळतं, फोटो नीट काढला असेल तर. आम्ही पहिला फोटो रात्री, पिवळ्या बल्बखाली काढला होता. त्यात जखम, कातडी, चादर, सगळं एकाच रंगाचं दिसत होतं. डॉक्टरांनी तो परत पाठवला आणि सकाळी खिडकीशी दोन फोटो काढायला सांगितले. एक टाक्यांच्या जवळून, दुसरा दोन्ही पाय शेजारी ठेवून. दुसरा जास्त कामाचा, कारण सूज नेहमी दुसऱ्या पायाशी ताडून बघायची असते.

आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. डोळ्यांना न दिसलेलं तिथे हाताला कळतं. हाताची पालथी बाजू आधी चांगल्या गुडघ्यावर आणि मग ऑपरेशनच्या गुडघ्यावर ठेवायची. नवा गुडघा काही महिने थोडा गरम आणि थोडा सुजलेला राहतोच. वणाच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर लागते, चालताना टकटक आवाज येतो. या गोष्टींसाठी मिरज गाठायची गरज नसते, फोनवर ऐकलेला धीर पुरतो. ऊब कालच्यापेक्षा आज वाढली, वण कोरडा पडायचा तो पुन्हा ओला झाला, दुखणं उतरणीला लागून परत चढलं, तर मात्र फोटो पाठवून थांबायचं नाही.

‘व्हिडिओवरचे व्यायाम म्हणजे दुधाची तहान ताकावर’

हा गैरसमज माझाही होता. पण कॅनडातल्या क्युबेक प्रांतात गुडघा बदललेल्या २०५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना फिजिओथेरपी घरी येऊन दिली, निम्म्यांना व्हिडिओवर. व्हिडिओवाले मागे पडले नाहीत. अमेरिकेतल्या दूरस्थ फिजिओथेरपीच्या एका चाचणीचा निष्कर्षही २०२० मध्ये तसाच आला. मात्र क्युबेकमधल्या रुग्णांसमोर दर वेळी ठरल्या वेळी फिजिओथेरपिस्ट होता. यूट्यूब लावून स्वतःच्या मनाने पाय हलवणं हा प्रकार वेगळा.

आमच्या पहिल्या व्हिडिओच्या दिवशी मी फोन समोर धरला होता. आईने गुडघा वाकवला आणि मला वाटलं, झाला की काटकोन! फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, “ताई, समोरून नको, बाजूने दाखवा. फोन गुडघ्याच्या उंचीवर ठेवा.” मी भाताचं पातेलं पालथं घालून त्यावर फोन टेकवला. बाजूने बघितल्यावर कळलं, काटकोनाला बरंच कमी आहे. शिवाय आई गुडघा वाकवायच्या ऐवजी कंबरच उचलत होती. “कंबर धरा त्यांची,” पलीकडून आवाज आला. मी धरली, तेव्हा कुठे खरा गुडघा वाकायला लागला.

मग पाय सपाट टेकवून सरळ करायचा. “मावशी, गुडघा खाली दाबा. ताई, गुडघ्याखालून तुमचा हात जातोय का?” जात होता. “मग अजून सरळ व्हायचाय.” गुडघा किती वाकतो हे सगळे विचारतात, पूर्ण सरळ होतो का हे कुणी विचारत नाही. सरळ न होणारा गुडघा माणसाला कायमचा लंगडत ठेवतो.

त्या अर्ध्या तासात माझ्या लक्षात आलं, की पडद्यापलीकडे डोळे होते, पण हात माझे होते. नॉर्वेतला एक अभ्यास वाचताना हेच पुन्हा दिसलं. ट्रॉम्सोच्या मोठ्या रुग्णालयातले अस्थितज्ज्ञ शेकडो किलोमीटर दूरच्या आल्टामधल्या रुग्णांना व्हिडिओवर तपासत होते. ३८९ रुग्णांच्या या चाचणीत व्हिडिओवरचा सल्ला प्रत्यक्ष भेटीच्या तोडीचा ठरला. पण आल्टामध्ये रुग्णाजवळ प्रशिक्षित नर्स उभी होती आणि एक्स-रेची सोयही तिथेच होती. आपल्याकडे सरकारच्या ई-संजीवनी या टेलिमेडिसिन सेवेत उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतात, तो मार्ग याच कारणासाठी मला भरवशाचा वाटतो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात नुसता फोन देणं, याला मी फॉलोअप म्हणणार नाही.

‘चालतोय, दुखत नाही, मग जायचं कशाला?’

काकूंचा हा गैरसमज जास्त महागात पडतो, कारण हाड सरकताना दर वेळी दुखतंच असं नाही. मनगट मोडल्यावर हाड बसवून नुसतं प्लास्टर घातलं असेल, तर पहिल्या दोन आठवड्यांत सूज उतरते, प्लास्टर सैल होतं आणि आतलं हाड हलू शकतं. बोटं छान हलत असतात, व्हिडिओवर सगळं ठीक दिसतं. म्हणून त्या काळातला एक्स-रे चुकवायचा नाही. उशीर झाला की हाड वाकड्या जागीच जुळायला लागतं. प्लेट किंवा रॉड बसवलेल्यांचा सहा आठवड्यांच्या सुमाराचा एक्स-रेही तसाच, पायावर किती भार द्यायचा ते बहुधा त्यावरून ठरतं.

एक्स-रे गावात काढून पाठवता येतो का? येतो, पण ट्यूबलाइटसमोर धरून काढलेल्या फोटोत बारीक भेग हरवते. सेंटरवाल्यांकडे मूळ डिजिटल फाइल मागायची. ती नसेल तर पूर्ण फिल्म, नाव, तारीख आणि डावी-उजवीची खूण दिसेल असा फोटो काढायचा.

‘ताप आलाय, फोनवर एखादी अँटिबायोटिक सांगा’

हे कृपा करून मागू नका. नव्या सांध्यात जंतुसंसर्गाची शंका असेल, तर आधी सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासायचं असतं. त्याआधीच गोळ्या पोटात गेल्या, तर जंतू तपासणीत सापडत नाहीत आणि आत मात्र टिकून राहतात. संसर्ग लवकर पकडला तर सांधा धुऊन वाचवण्याची आशा असते. आठवडे उलटले की बहुतेक वेळा बसवलेला सांधा काढायची पाळी येते.

पोटरीचंही तसंच. एकाच पायाची पोटरी सुजून ठणकायला लागली, तर आतल्या शिरेत रक्ताची गाठ असू शकते. ती व्हिडिओवर ओळखता येत नाही, पंजा वर खेचून बघण्याच्या जुन्या खुणेवरही विसंबता येत नाही. त्याच दिवशी पायाची डॉप्लर सोनोग्राफी करायची. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं, तर व्हिडिओ जोडत बसू नये, १०८ ला फोन करावा. प्लास्टरमध्ये दुखणं गोळीने न थांबता वाढत चाललं आणि बोटं सरळ करताना जीव जायला लागला, तर रात्र असली तरी निघायचं. तिथे प्रश्न तासांचा असतो.

सहाव्या आठवड्यात आम्ही मिरजेला गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. मग एक हात मांडीवर, दुसरा घोट्याशी ठेवून गुडघा दोन्ही बाजूंना हलकेच ताणून बघितला. सांधा सैल आहे की घट्ट, ते फोनवर कधीच कळलं नसतं. आईचा चेहरा खुलला, शेवटी हात लावून बघितलं होतं. पुढची तारीख लिहिताना त्यांनी पुन्हा ‘व्हिडिओ’ लिहिलं.

आईने कागद हातात घेऊन तारीख वाचली. “डॉक्टर, हा बुधवार. लेक तेव्हा पुण्याला असणार. मग माझी कंबर कोण धरणार?”

डॉक्टरांनी कागद परत घेतला, बुधवार खोडला आणि मी गावी असणार होते तो रविवार लिहिला.