‘आपला तो बाब्या’ म्हणणारा मतदार आणि युरोपातली लोकशाही

लष्कर रस्त्यावर येत नाही, संसद बरखास्त होत नाही, निवडणुकाही वेळेवर होतात. तरीही काही वर्षांत न्यायालयं सरकारच्या कलाने चालू लागतात, सरकारी वाहिन्या पक्षाच्या दावणीला बांधल्या जातात आणि निवडणुकीचे नियम सत्ताधाऱ्यांच्या सोयीचे होतात. मतदार मात्र त्याच पक्षाला पुन्हा निवडून देतात. असं का होतं? युरोपातल्या मतदारांचा अभ्यास करणारे राज्यशास्त्रज्ञ गेली काही वर्षे याच प्रश्नाच्या मागे लागले आहेत. लोकशाही कोणालाच नकोशी झालेली नाही, पण आपल्या पक्षाची चूक पोटात घालण्याची सवय तिला महागात पडते, असं त्यांच्या अभ्यासातून दिसतं.

हंगेरीत काय घडलं?

व्हिक्टर ओर्बान यांचा फिडेस पक्ष २०१० साली सुमारे ५३ टक्के मतं घेऊन सत्तेवर आला. संसदेत त्याला दोन-तृतीयांश जागा मिळाल्या. त्या बळावर नवी राज्यघटना आली, ती २०१२ पासून लागू झाली. संसदेच्या जागा ३८६ वरून १९९ वर आल्या, मतदारसंघ नव्याने आखले गेले. २०१४ मध्ये फिडेसची मतं ४५ टक्क्यांच्या आसपास घसरली, तरी दोन-तृतीयांश बहुमत कायम राहिलं. २०१८ आणि २०२२ मध्येही तेच. अखेर सप्टेंबर २०२२ मध्ये, हंगेरीला आता पूर्ण लोकशाही म्हणता येणार नाही, असा ठराव युरोपीय संसदेने केला.

मतभेद वेगळे, मनभेद वेगळे

ध्रुवीकरण म्हटलं की धोरणांवरचा वाद डोळ्यांसमोर येतो. कर किती असावा, स्थलांतरितांना किती दारं उघडावीत, वगैरे. हे झाले मतभेद, आणि ते लोकशाहीत असणारच. संशोधकांना चिंता आहे ती मनभेदांची. समोरच्या पक्षाचं म्हणणं पटत नाही, इथवर ठीक. पण त्या पक्षाची माणसंच नकोशी वाटू लागली की मामला बदलतो.

एस्टोनियाचे संशोधक आंद्रेस रेइल्यान यांनी युरोपातल्या अनेक देशांतला हा मनभेद मोजला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार तो वायव्य युरोपात तुलनेने कमी, तर मध्य-पूर्व आणि दक्षिण युरोपात जास्त आहे. ब्रिटनमध्ये तर पक्षही बाजूला पडले. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतात ५२ विरुद्ध ४८ टक्के असा कौल आला. त्यानंतर ‘राहा’वाले आणि ‘बाहेर पडा’वाले अशा दोन नव्या ओळखी तयार झाल्या आणि दोन्ही बाजू एकमेकांकडे संशयाने पाहू लागल्या.

सरळ विचारून उपयोग नाही

‘तुम्हाला लोकशाही हवी का?’ असं विचारलं, तर जवळपास प्रत्येक जण ‘हो’ म्हणतो. म्हणून येल विद्यापीठाचे मिलान स्वोलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी युक्ती वापरली. मतदारासमोर दोन काल्पनिक उमेदवार ठेवायचे आणि एक निवडायला सांगायचं. समजा, एका उमेदवाराची धोरणं मतदाराच्या मनासारखी आहेत, पण गैरसोयीचे न्यायालयीन निकाल सरकारने मानू नयेत असं तो म्हणतो. दुसरा नियम पाळणारा आहे, पण त्याची धोरणं पटत नाहीत. आता मत कोणाला?

हा प्रयोग एस्टोनिया, जर्मनी, पोलंड, सर्बिया, स्पेन, स्वीडन आणि युक्रेन या सात देशांत झाला. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. नियम मोडणाऱ्या उमेदवाराची मतं कमी होतात, ही त्यातली दिलासा देणारी बाब. पण ही शिक्षा सगळे मतदार सारख्या कठोरपणे देत नाहीत. सर्वात जास्त माफी दोन गटांकडून मिळते: कडव्या उजव्या पक्षांचे समर्थक आणि राजकारणात रसच नसलेले उदासीन मतदार.

स्वोलिक यांचं विवेचन थोडक्यात असं. दोन बाजूंमधली दरी जितकी रुंद, तितकं नियम मोडणाऱ्या आपल्या नेत्याला सोडून पलीकडे जाणं महाग वाटतं. लोकशाहीसाठी नावडत्या पक्षाला मत द्यायचं? मग ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ हा न्याय सुरू होतो. नेत्यालाही हे पक्कं ठाऊक असतं.

दोष मतदाराचा की नेत्याचा?

अमेरिकी अभ्यासक लॅरी बार्टेल्स यांना मतदारावर खापर फोडणं मान्य नाही. २०२३ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी युरोपातल्या अनेक वर्षांच्या जनमत पाहण्या तपासल्या. लोकांचा लोकशाहीवरचा विश्वास कोसळलेला नाही, स्थलांतरितांबद्दलची नाराजीही एकूण वाढलेली नाही, असं त्यांना आढळलं. हंगेरीत २०१० साली आणि पोलंडमध्ये २०१५ साली लोकांनी नेहमीच्या कारणांसाठी सरकार बदललं. संस्था मोडायचा कौल कोणी दिला नव्हता. ते काम सत्तेत बसलेल्यांनी नंतर केलं.

तसं पाहिलं तर या दोन मतांचा मेळ बसतो. मोडतोड सुरू करतो तो नेता. ती चालू ठेवायची की नाही, हे पुढच्या निवडणुकीत मतदार ठरवतो.

पोलंडचा धडा

पोलंडमध्ये ‘कायदा आणि न्याय’ पक्षाने २०१५ नंतर घटनात्मक न्यायालयावर पकड बसवली. २०१९ मध्ये तो पुन्हा जिंकला. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये ७४ टक्क्यांवर विक्रमी मतदान झालं. हा पक्ष ३५ टक्के मतांसह पहिला आला, पण जागा मिळाल्या १९४. तीन विरोधी गटांना मिळून ४६० पैकी २४८. डोनाल्ड टुस्क पंतप्रधान झाले.

पण दरी बुजली नाही. जून २०२५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ‘कायदा आणि न्याय’च्या पाठिंब्यावरचे कारोल नाव्रोत्स्की जेमतेम ५१ टक्के मतांनी जिंकले. सरकार एका बाजूचं, नकाराधिकार असलेला अध्यक्ष दुसऱ्या बाजूचा. त्यामुळे न्यायव्यवस्थेची दुरुस्ती करणारे कायदे पुढे सरकणं कठीण झालं आहे. सरकार एका निवडणुकीत बदलता येतं, मोडलेली संस्था मात्र तेवढ्यात उभी राहत नाही. म्हणूनच आपल्या बाब्याचा कान पहिल्या चुकीलाच धरलेला बरा.