रंगाचे चिलखत

सांगलीच्या विश्रामबागेत १९४७ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आज वालचंद हिराचंद यांच्या नावाने ओळखले जाते. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेल्या या उद्योगपतींनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ पासून मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीतील फियाट कंपनीच्या सहकार्याने तेथे बनलेली मोटार ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने सर्वांच्या परिचयाची झाली. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती मुंबईत २०२३ पर्यंत धावत होती. अशी जुनी मोटार आजही कोणी कोणी जिव्हाळ्याने सांभाळतात. तिच्या यंत्राचे झिजलेले भाग बदलता येतात. परंतु तिचा मोठा वैरी पत्र्यात दडून बसतो. तो वैरी म्हणजे गंज.

लोखंडाला पाणी व प्राणवायू ही दोन्ही एकाच वेळी भेटली की गंज धरतो. पाण्यात मीठ असेल तर हे काम अधिकच वेगाने चालते. म्हणून समुद्रकाठच्या मोटारी लवकर खराब होतात. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो रंगाला आतून उचलतो व त्यावर फोड येतात. फोड फुटला, की आत नवे पाणी शिरते.

हे केवळ शोभेचे नुकसान नव्हे. बैलगाडीची साटी काढून ठेवली तरी खालचा सांगाडा शाबूत राहतो. जुन्या फियाटचे मात्र तसे नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. सारा भार त्यावरच पेललेला असतो. दाराखालचा पत्रा कुजला, तर बाहेरून चकचकीत दिसणारी मोटार अपघाताच्या वेळी आतील माणसांचे रक्षण करू शकत नाही.

म्हणूनच मोटार रंगविणे म्हणजे तिला चिलखत चढविणे होय. हे काम एका हाताने होत नाही. प्रथम पत्र्यावरील तेल व मळ धुऊन काढतात. मग त्यावर फॉस्फेटच्या द्रावणाची प्रक्रिया करतात. तिने पत्र्यावर सूक्ष्म स्फटिकांचा खरखरीत थर बसतो व रंगाला पकड मिळते. नंतर अस्तर, घासाई, रंगाचे हात आणि भट्टीत तापविणे अशी कामे चालतात. इतके करूनही सर्व थरांची एकूण जाडी साधारण एक दशांश मिलिमीटरच भरते!

पूर्वी हे काम फार रेंगाळत असे. रोगणाचा एकेक हात वाळण्याची वाट पाहता पाहता आठवडे लोटत. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत झटपट वाळणारे नायट्रोसेल्युलोजचे रोगण आले आणि वेळेचा प्रश्न सुटला. परंतु फवाऱ्याने उडविलेला रंग दिसेल तेवढ्याच भागावर बसतो. दारांच्या पोकळीत, दुहेरी पत्र्यांच्या सांध्यांत तो पोहोचत नाही. आणि पाणी तर नेमके तेथेच साचते! इंग्लंडमधील काही कारखान्यांत १९५० च्या दशकात मोटारीचा सांगाडा लांब दांड्यावर बसवून, निखाऱ्यावर कणीस फिरवावे तसा, अस्तराच्या हौदातून गरगर फिरवीत नेत. युक्ती चांगली; तरी कोपरे पुरते भरत नसत.

याहून मोठी मजल मारली ती विजेने. १९६० च्या दशकाच्या आरंभी फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रूअर यांनी नवी रीत विकसित केली. पाण्यात मिसळलेल्या रंगाच्या हौदात सांगाडा बुडवून विद्युत्प्रवाह सोडला, की रंगाचे कण पत्र्याकडे ओढले जातात. येथील गंमत पाहा : जेथे रंग बसला तेथे वीज अडते व प्रवाह उघड्या पत्र्याकडे वळतो. जणू विजेलाच राहिलेले कोपरे शोधायला धाडले आहे! आरंभी सांगाड्याला धन टोक जोडीत. त्यामुळे थोडे लोखंडही विरघळे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात टोके उलटी केली व तो दोषही गेला.

दुसरा उपाय आपल्या घरातच आहे. जस्ताचा मुलामा दिलेली बादली आठवा. तिच्यावर ओरखडा उठला तरी जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचविते. जर्मनीतील पोर्शे कंपनीने १९७५ पासून आपल्या मोटारींचे सांगाडे अशा जस्त चढविलेल्या पत्र्याचे केले.

ज्या जुन्या मोटारींना हे संरक्षण लाभले नाही, त्यांची काळजी मालकालाच घ्यावी लागते. गंजावर पुट्टी भरून वरून रंग मारणे हा सर्वांत सोपा आणि माझ्या मते सर्वांत वाईट उपाय आहे. गंज खरवडून उजळ धातूपर्यंत जावे लागते. पत्रा सडला असेल तर तेवढा भाग कापून नवा जोडावा लागतो. पोकळीत मेणयुक्त तेल फवारतात. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजतात, आणि पावसाळाभर दार आत पाणी साठवून ठेवते. एखादी काडी घेऊन ती मोकळी करण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.