विद्यापीठाचा संघ : काही नेहमीचे प्रश्न

दक्षिण महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाची सोय जवळ व्हावी, या हेतूने १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे आज त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. गावोगावच्या तालमी आणि कबड्डी-खो-खोची मैदाने हे या भागाचे वैभव होय. तथापि, केवळ नियमांची माहिती वेळेवर न मिळाल्याने एखादा गुणी खेळाडू विद्यापीठाच्या संघापासून वंचित राहू शकतो. म्हणून वारंवार विचारल्या जाणाऱ्या काही प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

विद्यापीठाचा संघ कसा निवडला जातो?
प्रथम महाविद्यालयाचा संघ तयार होतो. महाविद्यालयांच्या विभागीय व आंतरविभागीय स्पर्धा होतात आणि त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. त्यामुळे लहान गावातील महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यालाही ही वाट मोकळी असते.

हा संघ पुढे कोठे खेळतो?
भारतीय विद्यापीठ संघाच्या विद्यमाने आंतरविद्यापीठ स्पर्धा भरतात. अनेक खेळांत आधी पश्चिम विभागात आणि नंतर अखिल भारतीय पातळीवर सामने होतात. २०२० पासून ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धांचीही त्यात भर पडली आहे.

कोणास भाग घेता येतो?
खेळाडू किमान एक शैक्षणिक वर्षाच्या अभ्यासक्रमाचा नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी असावा लागतो. वयाचीही मर्यादा असते. नुसते खेळातील कौशल्य पुरेसे नाही. प्रवेश, वय व पूर्वपरीक्षा यांची कागदपत्रे बिनचूक असणे तितकेच आवश्यक आहे.

खेळामुळे भविष्याचे नुकसान होते काय?
पालकांची ही शंका स्वाभाविक आहे. परंतु राज्य शासनाने २००५ मध्ये गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी शासकीय सेवेत पाच टक्के समांतर आरक्षण ठेवले आहे. शासनाने निश्चित केलेल्या स्पर्धा व क्रमांक यांनाच त्याचा लाभ मिळतो आणि प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवावे.

गावाने काय करावे?
कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते ठरले. त्या वेळी हे विद्यापीठ अस्तित्वातही नव्हते. गावची तालीम आणि महाविद्यालय यांची सांगड पडली म्हणजे काय साधते, याचे हे उदाहरण आहे.

बारावीनंतर खेळाडूचे, विशेषतः मुलींचे, शिक्षण थांबले की विद्यापीठाच्या संघाचे दारही बंद होते. शिक्षकांनी अशा विद्यार्थ्यांना महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकांकडे सत्राच्या आरंभीच पाठवावे आणि ग्रामपंचायतींनी गावाचे मैदान मोकळे व सुस्थितीत राखावे. विद्यापीठाच्या संघाची खरी पायाभरणी तेथेच होते.