शोभेची मिरची : कुंडीतील लागवड व दक्षता

शोभेच्या मिरचीचे बहुतेक वाण स्वयंपाकातील मिरचीच्याच, म्हणजे कॅप्सिकम ॲन्युअम या प्रजातीचे आहेत. फळ पिकताना हरितद्रव्य व अँथोसायनिन कमी होऊन कॅरोटिनॉइड द्रव्ये वाढतात. म्हणून एकाच झाडावर जांभळी, नारिंगी व लाल फळे दिसतात. कुंडीतील माती पाण्याचा निचरा होणारी असावी व रोपास दररोज किमान ६ तास ऊन मिळावे.

ही फळे मुळात विषारी नसतात. परंतु शोभेच्या रोपांवर रोपवाटिकेत फवारलेली कीटकनाशके खाद्यपिकांसाठी मान्य असतीलच असे नाही. त्यामुळे विकत आणलेल्या रोपाची फळे खाऊ नयेत. त्यांतील पक्व बी पेरून, फवारणीविना वाढविलेल्या रोपांची फळे आहारात वापरता येतात. कॅप्सेसिनमुळे डोळ्यांची तीव्र आग होत असल्याने कुंडी लहान मुलांपासून दूर ठेवणे इष्ट ठरते.