शेंगवर्गीय चाऱ्याची पचनीयता
लसूणघास, बरसीम, चवळी, सुबाभूळ इत्यादी शेंगवर्गीय चाऱ्यातील शुष्क पदार्थाचा शेणावाटे बाहेर न पडणारा भाग म्हणजे त्या चाऱ्याची पचनीयता होय. ती टक्केवारीत सांगतात.

प्रयोगशाळेत ती मोजण्यासाठी टिली व टेरी यांची १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेली द्विस्तरीय पद्धत प्रचलित आहे. वाळवून दळलेला चारा कोठीपोटातील द्रव व कृत्रिम लाळ यांच्या मिश्रणात ३८° से. तापमानाला ४८ तास प्राणवायूविना ठेवतात. नंतर आम्लयुक्त पेप्सिनमध्ये आणखी ४८ तास ठेवतात. उरलेला अवशेष वाळवून तोलल्यावर दिसणाऱ्या घटीवरून पचनीयता काढली जाते.

महाराष्ट्रात वापरल्या जाणाऱ्या सुबाभळीच्या पाल्यात प्रथिने भरपूर असतात. परंतु त्यातील टॅनिन काही प्रथिने बांधून ठेवते. मिमोसिन हे विषारी द्रव्य तर या चाचणीत कळतही नाही. म्हणून केवळ प्रथिनांवरून किंवा केवळ पचनीयतेवरून चाऱ्याची प्रत ठरत नाही.