हॅकर की नुसताच भारी?

वारजे माळवाडीत माझा गेमिंग कॅफे आहे. संध्याकाळी क्लास सुटले की पोरं येतात आणि थोड्याच वेळात कुठल्या तरी खुर्चीतून ओरड येते, "हॅकर आहे रे तो!" मेलेल्या माणसाला मारणारा नेहमी हॅकरच वाटतो. मी त्याला हेडफोन काढायला लावतो आणि विचारतो, "त्यानं तुला कसं मारलं ते सोड. त्याच्या आधी तो काय करत होता?"

चीटिंगचे मुख्य प्रकार दोन. एमबॉटमध्ये नेम लावण्याचं काम प्रोग्राम करतो. माणसाच्या डोळ्याला शत्रू दिसल्यापासून बोटानं बटण दाबेपर्यंत सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो. शिवाय हाताचा माउस थोडा पुढे जातो, मागे येतो, मग गोळी सुटते. एमबॉटचा नेम थेट डोक्याला चिकटतो. तो पकडणं त्या मानानं सोपं.

वॉलहॅक मात्र चिवट. कोपऱ्यावरून शत्रू अचानक समोर आला तर तो लगेच दाखवता यावा, त्याच्या पावलांचा आवाज योग्य बाजूनं यावा, म्हणून तो कुठे आहे हे तुमच्या कॉम्प्युटरला आधीच कळवलेलं असतं. गेम ते तुम्हाला दाखवत नाही, एवढंच. चीट ती माहिती मेमरीतून वाचतं आणि भिंतीपलीकडची माणसं पडद्यावर काढतं. रमीत समोरच्याच्या चष्म्यात त्याचे पत्ते दिसावेत, तसं. २०२० मध्ये आलेल्या व्हॅलोरंट या गेमनं इथेच उपाय केला: शत्रू दिसण्याच्या बेतात येईपर्यंत सर्व्हर त्याची जागा पाठवतच नाही. त्यांचं चीट पकडणारं व्हॅनगार्ड तर विंडोजबरोबरच सुरू होऊन सिस्टिमच्या गाभ्यात बसतं. घरच्या कॉम्प्युटरवर कुणाला इतकी मुभा द्यावी का, हा वाद आहेच. मी दिली आहे, फार खुशीनं नाही.

तर वॉलहॅकवाला ओळखायचा कसा? हुशार चीटर भिंतीकडे टक लावून बघत नाही. तो पकडला जातो न बघितलेल्या कोपऱ्यांमुळे. काउंटर-स्ट्राइक या गेमच्या डस्ट-टू मॅपवर 'लाँग' या वाटेच्या दारातून बाहेर पडताना पिटमध्ये, म्हणजे खड्ड्यात, नजर टाकावीच लागते. तिथे कुणी दबा धरून असू शकतं. चांगला खेळाडू रिकाम्या पिटलाही घाबरतो. चीटर पिट रिकामा असला की सरळ पुढे जातो, आणि कुणी असलं की नेमका त्याच राउंडला तिकडे वळतो. एकदा झालं तर नशीब. म्हणून डेमो, म्हणजे मॅचचं रेकॉर्डिंग, त्याच्या डोळ्यांनी अख्खं बघायचं. त्याला पावलं ऐकू आली असतील, साथीदारानं सांगितलं असेल, किंवा त्या खोक्यामागे सगळेच लपतात म्हणून त्यानं आधीच गोळ्या झाडल्या असतील. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, तोही तपासायचा. मुंबईऐवजी सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळलात तर वारज्यातून पिंग वाढतो आणि कोपऱ्यातून बाहेर येणाऱ्याला तुम्ही आधी दिसता. त्यात चीटिंग काही नाही.

ओरड किती खरी असते? काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्हनं संशयितांचे डेमो अनुभवी खेळाडूंकडून तपासून घेण्याची सोय २०१३ मध्ये केली. कंपनीच्या इंजिनिअरनं २०१८ मध्ये आकडे सांगितले: खेळाडूंच्या तक्रारींवरून आलेल्या प्रकरणांत १५ ते ३० टक्केच दोषी ठरत, कंपनीच्या चीटर शोधणाऱ्या यंत्रणेनं निवडलेल्यांत ८० ते ९५ टक्के. म्हणजे बहुतेक 'हॅकर' नुसतेच भारी होते.

पण कधी कधी संशय खरा निघतो, आणि तोही मोठ्या स्टेजवर. ऑक्टोबर २०१८, शांघाय, काउंटर-स्ट्राइकची एक्स्ट्रीम्सलँड स्पर्धा, एक लाख डॉलरची बक्षिसं. ऑप्टिक इंडिया या टीमच्या 'फोर्सेकन' या खेळाडूचा कॉम्प्युटर पंचांनी चालू मॅचमध्ये तपासायला घेतला. त्यात नेम शत्रूकडे ओढणारा प्रोग्राम निघाला, फाइलचं नाव 'वर्ड डॉट एक्सई'. पंच बघत असताना त्यानं ती दडवायची धडपड केली, त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली. निर्दोष साथीदारांची टीमही बरखास्त झाली. याआधीही चीटिंगसाठी त्याच्यावर बंदी आली होती. शांघायच्या प्रकारानंतर कित्येक महिने परदेशी खेळाडू आमच्या पोरांच्या नावापुढे भारताचा झेंडा दिसला की चॅटमध्ये 'वर्ड डॉट एक्सई' लिहायचे. चिडून काय करणार?

मोबाइलवर चीटिंगचं प्रकरण फार मोठं आहे. १ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर २०२१ या काळात क्राफ्टन कंपनीनं तिच्या बीजीएमआय या गेमची २५ लाखांहून अधिक अकाउंट्स कायमची बंद केली. तरी नवं अकाउंट काढून पोरं परत यायची. म्हणून २४ डिसेंबर २०२१ पासून अकाउंटबरोबर फोनवरच बंदी घालायला त्यांनी सुरुवात केली.

तेव्हा संशय आला तर चॅटमध्ये शिव्या देत बसू नका. रेकॉर्डिंग बघा, मग गेममधूनच रिपोर्ट करा. आणि आईबापांना एक सांगायचंय: टेलिग्रामवर फुकट मिळणारं 'हॅक' मुलानं फोनमध्ये टाकलं असेल तर आजच काढायला लावा. पासवर्ड चोरणारं काहीही त्यात असू शकतं, आणि बंदी आलीच तर ती तुम्ही घेऊन दिलेल्या फोनवर येईल.